पहिल्या गोळीच्या आधी

साशंक : डॉक्टर, आधी एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. कार्ले, वेहेरगाव, मळवली, भाजे या पट्ट्यातल्या एखाद्या माणसाचा ताप गोचिडीमुळेच आला होता, असं रक्त तपासून सिद्ध झालेला एक तरी कागद तुमच्यापाशी आहे का? नसेल, तर गावात 'गोचीड ताप' हा शब्द पसरवायची घाई नको. मी जनावरांचा डॉक्टर. गोचीड मला रोज दिसते. गाईच्या कासेवर, बैलाच्या शेपटीखाली, कुत्र्याच्या कानात. मावळातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हातानं गोचिडी काढत आलाय. घबराट काय करते तेही मी पाहिलंय. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा लोकांनी गाईचं दूध घ्यायचं बंद केलं. हा आजार माणसाला होत नाही, दूध उकळून प्या, हे सांगून सांगून आमचे घसे बसले, तरी ज्याच्या दावणीला दोनच गाई होत्या त्याचं नुकसान झालंच. उद्या तुम्ही गोचिडीचं नाव घ्याल आणि पहिला विषाचा तुकडा भटक्या कुत्र्याला पडेल. नंतर गाव डोंगरावर गुरं चारणाऱ्या धनगराकडे बोट दाखवेल. कागदाशिवाय एवढी जोखीम तुम्ही घ्यावी असं मला वाटत नाही.

आग्रही : कागद माझ्यापाशी नाही. पण तो का नाही, हे बघितल्याशिवाय 'आजारच नाही' असं म्हणता येणार नाही. तापाचा माणूस आपल्याकडे कसा फिरतो ते आठवा. पहिले तीन दिवस अंगदुखी, डोकं ठणकतंय, म्हणून क्रोसिन. चौथ्या दिवशी रक्त तपासलं तर पेशी कमी. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह आली तरी कागदावर 'डेंग्यूसदृश ताप' लिहिलं जातं. मग सलाईन, सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शनं, घरून पपईच्या पानांचा रस. गोचीड ताप आणणारा रिकेट्सिया जातीचा जिवाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात, तिथल्या पेशींच्या पोटात शिरून वाढतो. पेनिसिलिन आणि सेफ्ट्रियाक्सोनच्या कुळातली औषधं त्याचं काही बिघडवू शकत नाहीत. रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, प्लेटलेट्स उतरतात, आणि बाहेरून सगळं डेंग्यूसारखंच दिसतं. फरक दाखवणारी खूण म्हणजे पुरळ. ते बहुधा मनगटांपासून आणि घोट्यांपासून सुरू होतं आणि तळहात-तळपायांवरही उमटतं. आता सांगा, भातलावणीत चिखलानं काळवंडलेले, भेगाळलेले तळपाय किती डॉक्टर उजेडात धरून बघतात? याच तापाच्या भूमध्य समुद्राकाठच्या प्रकारात चाव्याच्या जागी काळी खपली धरते. आपल्याकडच्या प्रकारात ती पुष्कळदा नसतेच. ज्या आजाराचा संशयच घेतला जात नाही, त्याचा कागद तयार होणार कुठून?

साशंक : हा युक्तिवाद कुठल्याही आजाराला लावता येतो. 'दिसत नाही, कारण शोधत नाही' असं म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद. पण शोधलं आणि सापडलं नाही, असंही होऊ शकतं.

आग्रही : शोधलं आणि सापडलं होतं, म्हणून तर बोलतोय. गोचीड चावल्यानंतर टायफससारखा ताप येतो, ही नोंद आपल्या देशात मेगॉ या डॉक्टरांनी कुमाऊँच्या डोंगरातून १९१७ साली केली. त्या जिवाणूला आज आपण रिकेट्सिया कोनोरायचा भारतीय उपप्रकार म्हणतो. पुढे १९८४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या पडबिद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तो पुणे जिल्ह्यातल्या गोचीडजन्य रिकेट्सिया आजारांवरच. विदर्भात अकोल्याच्या डॉ. नरेंद्र राठींनी लहान मुलांमधला स्पॉटेड फीव्हर, म्हणजे रिकेट्सियाचा पुरळाचा ताप, लवकर ओळखता यावा म्हणून लक्षणांना गुण देण्याची पद्धत २०११ मध्ये 'इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये मांडली. अशी पद्धत रुग्ण पाहिल्याशिवाय कोणी बसवत नाही. जिल्ह्यात जिवाणूची नोंद आहे, राज्यात रुग्ण आहेत. मग लोणावळ्याच्या अलीकडे-पलीकडेच तो नाही असं समजायला आधार काय?

साशंक : आधार भूगोलाचा. पुणे जिल्हा म्हणजे एक गाव नव्हे. इंदापूर-बारामतीचं माळरान कुठे आणि लोणावळ्याचा धो-धो पाऊस कुठे. शिवाय 'गोचीड' म्हणताना तुम्ही सगळ्यांना एकाच माळेत ओवताय, तिथे मला हरकत घ्यावीच लागते. गाईवरची गोचीड, जिला आम्ही बूफिलस म्हणत आलो, एकदा जनावरावर चढली की अळीपासून प्रौढ होईपर्यंत त्याच जनावरावर राहते. रक्त पिऊन टम्म फुगली, एरंडाच्या बीसारखी झाली, की खाली पडते, अंडी घालते आणि मरते. ती माणसाच्या वाट्याला फारशी जात नाही. जनावरांत ती बबेसिया पसरवते, लघवी लाल होते. अ‍ॅनाप्लाझ्मा नावाचा जिवाणूही पसरवते. आमच्या दृष्टीनं ती मोठी शत्रू, पण तुमच्या तापाशी तिचा संबंध जोडाल तर गोठ्यावर अन्याय होईल. जंगलातल्या हिमाफायसॅलिसची गोष्ट वेगळी. ती प्रत्येक अवस्थेत यजमान बदलते आणि तिची निम्फ, म्हणजे अळी आणि प्रौढ यांच्या मधली अवस्था, माणसाला चावते. पण तिचा जोर पाऊस सरल्यावर, थंडी-उन्हाळ्यात असतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे २०१६ पासून जो माकडताप आपण पाहिला, तोही त्याच महिन्यांतला. म्हणजे ऑगस्टमध्ये भातखाचरात काम करून आजारी पडलेल्याला बहुधा लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, किंवा डेंग्यूच असणार. आणि माकडताप विषाणूचा, तुमचा ताप जिवाणूचा. लोक दोन्हींना 'गोचीड ताप' म्हणतात. एकाला अँटिबायोटिकचा उपयोग आहे, दुसऱ्याला शून्य. हा गोंधळ तुम्ही कसा निस्तरणार?

आग्रही : गोठ्याबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. पावसातल्या तापाबद्दलचंही बरंचसं मान्य. पण एक गोचीड तुम्ही वगळलीत आणि माझा सगळा रोख तिच्यावरच आहे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड.

साशंक : रिपिसेफॅलस सँग्विनियस.

आग्रही : तीच. तिला ना जंगल लागतं ना पाऊस. अळी कुत्र्यावर चढते, रक्त पिते, उतरते आणि भिंतीच्या फटीत कात टाकते. निम्फ होऊन पुन्हा चढते, पुन्हा उतरते. प्रौढ होऊन तिसऱ्यांदा चढते. एकेक मादी हजारांनी अंडी घालते, तीही दाराच्या चौकटीमागे, कुत्र्याच्या गोणपाटाखाली, व्हरांड्यातल्या फरशीच्या सांध्यात. प्रौढ गोचीड अन्नाशिवाय महिनोन्‌महिने तग धरते. आणि रिकेट्सिया तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीतही उतरू शकतो. आता गेल्या काही दशकांत कार्ले-मळवली-भाजे पट्ट्यात काय झालं ते बघा. द्रुतगती मार्ग झाला, भातखाचरं गुंठ्यांनी विकली गेली, बंगले उठले. शनिवारी पुण्या-मुंबईहून माणसं येतात, बरोबर त्यांची कुत्री येतात. बाकीचे पाच दिवस बंगला बंद, राखणदाराचं कुटुंब मागच्या खोलीत, त्यांचं एक कुत्रं, शिवाय रस्त्यावरची दोन-चार. एकविरा देवीच्या पायऱ्यांवर आणि खालच्या हॉटेलांच्या मागे उष्ट्यावर जगणारी कुत्री वेगळी. ही गोचीड डोंगरावर राहत नाही. ती अंगणात राहते, आणि राखणदाराचं मूल त्याच अंगणात कुत्र्याच्या गळ्यात पडून खेळतं. म्हणून म्हणतो, धनगराकडे बोट जायची तुमची भीती रास्त आहे, पण खरी माहिती दिली तरच ते बोट तिकडून हटेल. आज गडावर जाणारी पोरं अमेरिकेतल्या लाइम आजाराबद्दल वाचून गवताला घाबरतात. तो जिवाणू वाहणाऱ्या गोचिडी वेगळ्या, तिकडच्या रानातल्या. आपल्याकडचा धोका ते घरी सोफ्यावर घेऊन बसलेले असतात.

साशंक : हे चित्र मी नाकारत नाही. रोज बघतो. परवाच एक लॅब्रेडॉर आणला होता. कान उलटा केला तर आतल्या घडीत गोचिडी अशा दाटीनं बसलेल्या की कातडी दिसेना. टम्म फुगलेल्या राखाडी माद्या, त्यांच्या पोटाखाली चिकटलेले बारीक तपकिरी नर, आणि बोटांच्या बेचक्यांत मोहरीएवढ्या निम्फ. मालक म्हणाले, घरी एकेक काढून नखानं फोडतो. फोडू नका म्हणून सांगितलं. तिच्या पोटातलं रक्त नखाच्या कडेच्या चिरेत जातं, नाही तर त्याच हातानं माणूस डोळा चोळतो. चिमट्यानं कातडीलगत धरायची, सरळ वर ओढायची. रॉकेल नको, जळती उदबत्ती नको. काढल्यावर हात साबणानं धुवायचे. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि त्यासाठी मला तुमच्या तापाचं नाव घ्यावं लागत नाही. पण गोचीड असणं वेगळं, गोचिडीत रिकेट्सिया असणं वेगळं आणि तो माणसात उतरणं त्याहून वेगळं. तुम्ही तिन्ही पायऱ्या एका उडीत ओलांडता.

आग्रही : अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातली गोष्ट सांगतो. रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर गोचिडीतून पसरतो हे हॉवर्ड रिकेट्सनं १९०६ च्या सुमारास दाखवलं. चारच वर्षांनी टायफसवर काम करताना टायफसनंच तो गेला. त्यानंतर शंभर वर्षं सगळे रानातल्या आणि लाकडांतल्या गोचिडींकडे बघत राहिले. २००३-०४ मध्ये पूर्व अ‍ॅरिझोनातल्या आदिवासी वस्त्यांत रुग्ण सापडायला लागले, त्यांत लहान मुलं बरीच. तिथे त्या ओळखीच्या गोचिडी जवळजवळ नव्हत्याच. शोध घेतला तेव्हा कळलं की वाहक आहे कुत्र्यावरची तपकिरी गोचीड, मोकाट कुत्र्यांबरोबर घरोघरी पोचलेली. मग त्यांनी वस्तीतल्या सगळ्या कुत्र्यांना दीर्घकाळ टिकणारे गोचीडरोधक पट्टे घातले, घरांभोवती फवारलं, नसबंदी केली. गोचिडी झपाट्यानं उतरल्या. गोचीड तीच, मोकाट कुत्री तशीच, अंगणातली मुलंही तशीच. कार्ल्याला ही गोष्ट लागू नाही असं कसं म्हणता?

साशंक : तिथे आधी रुग्ण सिद्ध झाले, मग मोहीम निघाली. तुम्ही क्रम उलटा करताय. आणि पट्ट्यांचं म्हणाल तर एका चांगल्या पट्ट्याची किंमत बंगल्याच्या मालकाला जड नाही, राखणदाराला आहे. मोकाट कुत्र्याला कोण घालणार? फवारणीचं तर बोलूच नका. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन अर्धवट मात्रेत मारून मारून गाईवरच्या गोचिडी अनेक ठिकाणी दाद देईनाशा झाल्यात. घाबरलेलं गाव आणखी फवारेल, तेही इंद्रायणीच्या काठी. मला विचाराल तर गोचीड नियंत्रणाची गरज आहेच, कारण कुत्री गोचिडीतून पसरणाऱ्या एर्लिकियानं मरतात, जनावरं आटतात. तेवढं कारण पुरेसं आहे. माणसाच्या तापाची जोड देऊन त्याला धार आणायची गरज नाही.

आग्रही : एर्लिकियाचं नाव तुम्हीच काढलंत. कुत्रं तापलंय, खात नाही, नाकातून रक्त येतंय, प्लेटलेट्स कमी. तुम्ही काय करता?

साशंक : अंगावर गोचिडी आहेत का बघतो, रक्त घेतो आणि डॉक्सिसायक्लिन सुरू करतो. अहवालासाठी थांबत नाही. कुत्रं जाईल तोवर.

आग्रही : मग राखणदाराच्या मुलानं काय पाप केलंय? जिवाणू त्याचाच नातलग, औषध तेच, गोळी काही रुपयांची. रिकेट्सियाच्या प्रतिपिंडांची चाचणी पहिल्या आठवड्यात बहुधा निगेटिव्हच येते, कारण शरीरानं प्रतिपिंडं तयारच केलेली नसतात. आणि अ‍ॅरिझोनाच्या तापानं शिकवलंय की पाचव्या दिवसानंतर औषध सुरू झालं तर मृत्यूचं प्रमाण चढतं. आपल्याकडचा प्रकार बहुतेकांत सौम्य असतो, पण बिघडला की बोटं, कानाच्या पाळ्या काळ्या पडतात, मेंदूला आणि मूत्रपिंडांना धक्का बसतो. लहान मुलांना डॉक्सिसायक्लिननं दात डागाळतात ही भीती अजून डॉक्टरांच्या मनात घर करून आहे. थोड्या दिवसांच्या कोर्सनं तसं होत असल्याचं अलीकडच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना या तापात कुठल्याही वयाला तेच औषध द्यायला सांगतात. तुमच्या टेबलावरच्या कुत्र्याला संशयाचा फायदा मिळतो. माझ्या टेबलावरच्या मुलाला अहवालाची वाट बघावी लागते. मला हे खटकतं.

साशंक : हे मलाही खटकेल. पण तुम्ही मागताय ते मिळालं तर काय होईल, याचा विचार केलाय का? समजा मावळातल्या प्रत्येक डॉक्टरनं तुमचं ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. ती गोळी लेप्टोवर चालते, स्क्रब टायफसवर चालते, तुमच्या तापावरही चालते. मुलगा दोन दिवसांत बरा होईल. कशानं आजारी होता? कोणालाच कळणार नाही. इतक्या लवकर औषध मिळालं की पुढे प्रतिपिंडंही कमी उमटतात किंवा उशिरा उमटतात. म्हणजे रुग्ण वाचला आणि पुरावा गेला. दहा वर्षांनी तुम्ही याच खुर्चीत बसून म्हणाल, कागद नाही, कारण आपण शोधत नाही. मी म्हणेन, आजारच नाही. आपल्या दोघांपैकी कोणालाही खोटं ठरवता येणार नाही. कुत्र्यांत हेच झालंय. निम्म्या कुत्र्यांना एर्लिकिया होता की आणखी काही, हे आम्हाला माहीत नसतं. बरं झालं, घरी गेलं. माणसांच्या बाबतीत असं अज्ञान मी सहन करणार नाही. आणि प्रत्येक तापावर एक अँटिबायोटिक झाडायची सवय लागली की ती गोचिडीपाशी थांबत नाही.

आग्रही : हा तुमचा मुद्दा मला टाळता येत नाही. मुलाला गोळी नाकारून पुरावा जमवायचा, हे मी करणार नाही. पण पहिल्या गोळीच्या आधी दोन मिलिलिटर रक्त काढून, नाव-तारीख घालून ठेवता येतं. दोन ते चार आठवड्यांनी दुसरं रक्त. दोन्हींतली प्रतिपिंडं एकत्र तपासली आणि चौपट वाढ दिसली, तर ते खरं प्रमाण. आज बहुतेक ठिकाणी वाइल-फेलिक्स करतात, १९१६ सालची चाचणी. स्वस्त आहे, पण तिच्या होकारावर किंवा नकारावर शपथ घेता येत नाही. जोडीच्या रक्तावर घेता येईल.

साशंक : दुसऱ्या रक्ताला येतं कोण? बरं झालेला माणूस परत येत नाही. राखणदाराची एका दिवसाची मजुरी बुडते, लोणावळ्यापर्यंतचं भाडं जातं, आणि त्याला त्यातून काही मिळत नाही. मिळतं ते मला आणि तुम्हाला. त्याच्या मजुरीवर आपलं ज्ञान उभं करायचं?

आग्रही : मजुरी आणि भाडं देऊनच बोलवायचं. नाही तर त्याच्या घरी जायचं. आणि तिथे जाताना तुम्ही बरोबर यायचं, कारण त्याच अंगणातल्या कुत्र्याचं रक्त आणि भिंतीतल्या गोचिडी तुम्हालाच घेता येतील, मला नाही. मुलाचं रक्त, कुत्र्याचं रक्त आणि गोचीड तिन्ही एका घरातली असतील, तर तुमच्या तीन पायऱ्या एकेक करून चढता येतील.

साशंक : येईन. पण पैसा कुठून, नमुने थंड ठेवायचे कुठे, तपासणार कोण, याची उत्तरं तुमच्यापाशी आज नाहीत. ती मिळेपर्यंत फलक लावू नका, वर्तमानपत्राला मुलाखत देऊ नका. माझं मत अजून तेच आहे. कार्ल्यात हा ताप पसरलाय, असं मी म्हणणार नाही.

आग्रही : आणि नाही असंही म्हणू नका. केसपेपरवर एक ओळ वाढवायला तर तुमची हरकत नाही? 'घरात, अंगणात कुत्रं आहे का? गेल्या दोन आठवड्यांत अंगावर गोचीड सापडली का?' त्या ओळीनं कोणी घाबरणार नाही, कुत्रं मरणार नाही, धनगराचं नाव निघणार नाही.

साशंक : त्याला हरकत नाही. उलट मीही माझ्या कागदावर लिहीन : कुत्र्याच्या घरात कोणाला ताप आहे का? आजवर मी ते विचारलेलं नाही, विचारायला सांगणाराही कोणी नव्हता. पण डॉक्टरनं विचारायची वाट लोकांनी बघू नये. ताप आलाच तर रुग्णानं आपण होऊन सांगावं, घरात कुत्रं आहे, परवा मानेवरून गोचीड काढली, आणि बाह्या वर करून, चपला काढून तळहात-तळपाय उजेडात दाखवावेत. डॉक्टरनं पहिल्या गोळीआधी रक्त मागितलं तर द्यावं. बरं झाल्यावर दुसऱ्यांदा बोलावलं, तर तेव्हाही जावं.